ट्रॅक्टरवाल्याने व्ही-१२ इंजिन कसं उभं केलं? लॅम्बोर्गिनीची पहिली दहा वर्षं

तुम्ही विचारलेला प्रश्न असा आहे: एन्झो फेरारीने अपमान केला म्हणून फेरुच्चो लॅम्बोर्गिनी गाड्या बनवायला लागला, हे खरं का? आणि त्याच प्रश्नाच्या पोटात दुसरा: ज्याने तोवर ट्रॅक्टर आणि बर्नर बनवले, त्याला एवढ्या थोड्या काळात बारा सिलिंडरचं इंजिन आणि त्याभोवतीची अख्खी गाडी जमली कशी? शेवटी, त्या पहिल्या दशकातलं आज काय उरलं, हेही.

पहिल्या प्रश्नावर भरपूर बोललं जातं. माझ्या मते खरा प्रश्न दुसरा आहे. माझी नोकरी इंजिन टेस्टिंगमध्ये गेली, आणि आता निवृत्तीनंतर जुन्या गाड्यांची इंजिनं उघडून परत बांधायचं काम करतो. त्यामुळे उत्तर त्याच अंगाने जाणार. अपमानाने माणूस पेटून उठतो हे मान्य, पण अपमानाने क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल गोल फिरवणारा इंजिनाचा मुख्य दांडा, तयार होत नाही. तो कुठे आणि कोणी तयार केला, हे समजलं की लॅम्बोर्गिनीची सगळी सुरुवात उलगडते.

फेरुच्चोचा जन्म २८ एप्रिल १९१६ चा, रेनात्झो गावचा. हे गाव चेन्तोजवळ, बोलोन्या आणि फेरारा यांच्या मधल्या सपाट, काळ्या मातीच्या मुलखात. घरी द्राक्षाची शेती. पोराचा जीव मात्र शेतीत नव्हता, अवजारांत होता. तांत्रिक शिक्षण घेतलं, आणि १९४० मध्ये इटलीच्या हवाई दलात भरती होऊन ऱ्होड्स बेटावर वाहनांच्या दुरुस्तीच्या कामाला लागला. त्याची खरी शाळा हीच. बेटावर सुटे भाग यायची मारामार. बंद पडलेल्या गाडीतून काढा, दुसरीला लावा, नाहीतर स्वतः घडवा. युद्धाच्या शेवटी ब्रिटिशांनी बेट ताब्यात घेतलं आणि तो युद्धकैदी झाला. १९४६ मध्ये घरी परतला तो हात तयार झालेला मेकॅनिक होऊन.

परतल्यावर पिएवे दि चेन्तोला गॅरेज टाकलं. त्या वेळी पो नदीच्या खोऱ्यात शेतकऱ्यांना ट्रॅक्टर हवे होते आणि बाजारात ते मिळत नव्हते. दुसरीकडे युद्धातली लष्करी वाहनं भंगारात पडून होती. फेरुच्चोने त्यांचे भाग घेऊन ट्रॅक्टर जुळवायला सुरुवात केली. पहिला, 'कारियोका' नावाचा, १९४८ च्या फेब्रुवारीत चेन्तोच्या ग्रामदैवताच्या जत्रेत लोकांपुढे आणला. त्यात मॉरिस ट्रकचं पेट्रोल इंजिन होतं. पण पेट्रोल महाग, शेतकऱ्याला ते परवडणार कसं? म्हणून त्याने इंधनाचे बारीक कण करणारं एक उपकरण बनवून त्याचं पेटंट घेतलं. इंजिन पेट्रोलवर सुरू करायचं, आणि तापलं की स्वस्त, जड इंधनावर घ्यायचं. आपल्याकडे ज्यांनी विहिरीवर रॉकेलचे इंजिन पंप चालवलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको: पेट्रोलवर चालू करा, जरा गरम होऊ द्या, मग कॉक फिरवून रॉकेलवर टाका. थंड इंजिनात जड इंधनाची वाफ होत नाही, एवढंच त्यामागचं कारण. या एका जुगाडावर ट्रॅक्टरचा धंदा उभा राहिला.

त्याच वर्षी त्याने मिल्ले मिल्या शर्यतीत भागही घेतला. फियाट टोपोलिनोचं छोटं इंजिन वाढवून ७५० सीसीपर्यंत नेलं होतं. हजाराहून जास्त किलोमीटर गाडी धावली आणि तोरिनोजवळ फियानो गावात एका खानावळीच्या भिंतीत घुसली. पुढे त्याच्या कंपनीने शर्यतीत उतरायचं नाही असं त्याने कायम धरून ठेवलं. त्या अपघातामुळेच, असं मी म्हणणार नाही. पण शर्यतीत पैसा कसा जातो ते त्याने जवळून पाहिलं होतं, हे नक्की.

पन्नासच्या दशकात ट्रॅक्टर जोरात चालले. १९६० च्या सुमारास घर तापवण्याचे तेलावरचे बर्नर काढले, तेही चालले. पैसा आला, आणि पैशाबरोबर गाड्या आल्या: अल्फा रोमिओ, लान्चिया, मर्सिडीझ ३०० एसएल, जॅग्वार ई-टाइप, मासेराती, आणि फेरारी २५० जीटी. इथे आपण क्लचच्या गोष्टीपाशी येतो.

गोष्ट अशी सांगतात. फेरुच्चोच्या फेरारीचा क्लच वारंवार जायचा. शेवटी आपल्याच कारखान्यात गाडी उघडली, तर आत जवळपास तोच क्लच निघाला जो ट्रॅक्टरला लागत होता. तो मारानेल्लोला, फेरारीच्या कारखान्यात, तक्रार घेऊन गेला, तर एन्झो म्हणाला की दोष गाडीचा नाही, चालवणाऱ्याचा आहे. तू ट्रॅक्टरच चालव. मग हा पेटला.

ही भेट प्रामुख्याने फेरुच्चोच्याच तोंडून आपल्यापर्यंत आलेली आहे, आणि तीही बऱ्याच वर्षांनी दिलेल्या मुलाखतींतून. प्रत्येक वेळी संवाद थोडा वेगळा. त्यामुळे शब्दन्‌शब्द खरा धरू नये. मात्र तिच्यातला तांत्रिक भाग अगदी पटण्यासारखा आहे. क्लच कोणताही मोटार कारखानदार सहसा स्वतः बनवत नाही, पुरवठादाराकडून घेतो. एकाच पुरवठादाराची प्लेट एका ट्रॅक्टरला आणि एका महागड्या गाडीला बसणं यात नवल नाही. प्रश्न येतो तो ताकदीचा. इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि क्लचची पकड यांत पुरेसं अंतर ठेवलं नाही, तर चढावर, गर्दीत, हाफ क्लचवर गाडी सरकवताना प्लेट घसरते, तापते आणि जळते. शर्यतीच्या गाडीत याची फारशी फिकीर नसते, कारण तिथे एकदाच सुरुवात करायची असते. फेरुच्चो रोज बोलोन्याच्या रस्त्यावर गाडी चालवणारा माणूस होता. त्याची तक्रार रास्त होती.

आणि तक्रारीच्या आत एक हिशेबही होता. ट्रॅक्टरला लागणाऱ्याच दर्जाचा भाग महागड्या गाडीत गेला की त्याची किंमत किती पटींनी वाढते, हे त्याने पाहिलं. फेरुच्चो रागीट होता, पण धंद्यात अडाणी नव्हता. राग आणि नफा दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवत होते.

आता मुद्द्याचं. माणूस ठरवतो, पण करतं कोण?

बोलोन्या आणि मोदेना यांच्यामध्ये जेमतेम चाळीस किलोमीटर. या पट्ट्यात फेरारी होती, मासेराती होती, बोलोन्यात दुकाती होती, आणि ज्याच्या कार्ब्युरेटरवर अर्ध्या जगातल्या शर्यतीच्या गाड्या चालायच्या तो वेबरही बोलोन्याचाच. या मोठ्या नावांच्या आजूबाजूला शेकडो लहान वर्कशॉप: कोणी ओतकाम करणारा, कोणी गिअर कापणारा, कोणी पत्रा ठोकून बॉडी घडवणारा. मासेरातीने १९५७ नंतर कारखान्यातर्फे शर्यत बंद केली, तेव्हा तिथली बरीच हुशार माणसं मोकळी झाली. आणि १९६१ च्या अखेरीस फेरारीत मोठी फूट पडली. कार्लो किती, जोत्तो बिझ्झारिनी यांच्यासकट वरच्या फळीतले अनेक जण एकदमच बाहेर पडले. म्हणजे फेरुच्चोने ठरवलं त्या क्षणी, फेरारी २५० जीटीओच्या कामातला प्रमुख माणूस, बिझ्झारिनी, त्याच्या दाराशी, काम शोधत उभा होता. हा योगायोग मला क्लचच्या भांडणापेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

बिझ्झारिनीला फेरुच्चोने १९६२ मध्ये इंजिनाचं काम दिलं. मोबदला अश्वशक्तीशी बांधलेला होता असं सांगतात: जितकी ताकद जास्त, तितके पैसे जास्त. असा करार केला की इंजिन कोणत्या दिशेने जाणार हे उघड आहे. बिझ्झारिनीने जे आणलं ते शर्यतीचंच इंजिन होतं. साठ अंशांत मांडलेले बारा सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७७ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ६२, म्हणजे ३,४६५ सीसी. प्रत्येक बाजूला दोन कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे), एकूण चार, चेनवर चालणारे. त्या काळी फेरारीच्या रस्त्यावरच्या बारा सिलिंडरला प्रत्येक बाजूला एकच कॅमशाफ्ट होता. चार कॅमशाफ्टवाली २७५ जीटीबी/४ यायला १९६६ उजाडलं. क्रँकशाफ्ट पोलादाच्या अखंड ठोकळ्यातून कोरून काढलेला, सात मेन बेअरिंगवर बसलेला. १५ मे १९६३ रोजी हे इंजिन पहिल्यांदा टेस्ट बेडवर चाललं. ताकद साडेतीनशे अश्वशक्तीच्या आसपास, पण ती मिळवायला इंजिन मिनिटाला ८,००० फेऱ्यांपर्यंत न्यावं लागायचं.

साठ अंशांचा व्ही-१२ का, हे थोडक्यात सांगतो, कारण हे समजल्याशिवाय लॅम्बोर्गिनीच्या चालीतला तो गुळगुळीतपणा समजणार नाही. सरळ रेषेतले सहा सिलिंडर स्वतःच पूर्ण संतुलित असतात. वर-खाली जाणारं एकाचं वजन दुसरा खोडून काढतो. असे दोन सहा एका क्रँकवर साठ अंशांत बसवले की संतुलन तसंच राहतं, शिवाय दर साठ अंशांनी एक सिलिंडर पेटतो. ७२० अंशांच्या चक्रात बारा धक्के, सगळे समान अंतराने. एक धक्का विरायच्या आत दुसरा आलेला असतो.

फेरुच्चोला मात्र हे इंजिन जसंच्या तसं नको होतं. त्याला अशी गाडी हवी होती जी बायकोला बाजारात न्यायलाही चालेल आणि रात्री बोलोन्याहून निघून लांबच्या प्रवासालाही. बिझ्झारिनीला त्याच्या इंजिनाचे दात काढलेले सहन होईनात. वाद झाला आणि तो गेला. इथे जी माणसं पुढे आली त्यांची नावं गोष्टी सांगणाऱ्यांच्या तोंडी फार येत नाहीत, आणि याचं मला खरोखर वाईट वाटतं. जामपाओलो दाल्लारा, जन्म १९३६, मिलानच्या पॉलिटेक्निकचा विमान अभियंता, फेरारी आणि मासेराती दोन्हीकडे काम करून आलेला. पाओलो स्तान्झानी, त्याच वर्षी जन्मलेला, बोलोन्याचा. आणि न्यूझीलंडहून आलेला मेकॅनिक आणि टेस्ट ड्रायव्हर बॉब वॉलेस. तिघेही तिशीच्या आतले. फेरुच्चोने त्यांच्या हातात कोरा कारखाना दिला. अशी संधी इंजिनिअरच्या आयुष्यात एकदाही येत नाही सहसा.

त्यांनी इंजिनाला जे केलं, त्याला मी कमी लेखणार नाही. शर्यतीच्या इंजिनात तेल वेगळ्या टाकीत ठेवतात. त्यांनी इंजिनाच्या तळाशीच तेल साठवणारं साधं चेंबर लावलं. उभ्या कार्ब्युरेटरच्या जागी सहा आडवे वेबर बसवले, त्यामुळे बोनेट खाली घेता आलं. कॅमचा आकार सौम्य केला, कॉम्प्रेशन उतरवलं. आकडा २८० अश्वशक्तीवर आला, पण ६,५०० फेऱ्यांना. लोकांना वाटतं सत्तर अश्वशक्ती वाया गेली. जरा कागद-पेन्सिल घ्या. ६२ मिलिमीटरचा स्ट्रोक ८,००० फेऱ्यांना चालवला तर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साडेसोळा मीटर. ६,५०० ला तो १३.४. फरक किरकोळ वाटेल, पण पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवर येणारा ओढ-धक्का फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. फेऱ्या सव्वापटीने कमी केल्या की तो भार दीडपटीने उतरतो. तेच बेअरिंग, तोच क्रँक, तोच रॉड, आणि भार दीडपट कमी! ही मजबुती फुकटात मिळालेली आहे. पुढे तेच इंजिन चार लिटर झालं, पाच झालं, आणि तरी तुटलं नाही, त्याचं कारण इथे आहे. मूळ बांधणी शर्यतीची आणि वापर रस्त्याचा. इंजिन बांधणाऱ्याला याहून चांगला संगम मिळत नाही.

कारखाना १९६३ मध्येच सांतागाता बोलोन्येसेला उभा राहिला, चेन्तोपासून फार लांब नाही आणि मोदेनाच्या बाजूला. माणसं आसपासच्या गावातलीच, अनेकजण शेतकरी घरातले.

त्या वर्षीच्या शरद ऋतूत तोरिनोच्या प्रदर्शनात ३५० जीटीव्ही ही पहिली गाडी मांडायची होती. आकार फ्रांको स्कालियोनेचा, बॉडी तोरिनोतल्या सार्जोत्तोने ठोकलेली. गाडी आली, इंजिन आलं, आणि दोन्ही एकमेकांत बसेनात. मग बोनेट बंद ठेवलं, आत गाडीचं पुढचं टोक योग्य उंचीला बसावं म्हणून वजनाला फरश्या टाकल्या होत्या असं सांगतात. प्रदर्शनातल्या गाडीचं बोनेट उघडलं नाही तर आजही शंका घ्या, कारण बहुतेक वेळा काहीतरी असतंच.

पुढचं काम मिलानच्या तूरिंगला दिलं. तूरिंगची पद्धत हलक्या नळ्यांचा सांगाडा करून त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवण्याची. त्यांनी स्कालियोनेचे टोकदार कोपरे गोल केले, आणि मार्च १९६४ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ३५० जीटी आली. तिला चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन होतं, डिस्क ब्रेक होते, पाच गिअर होते. त्या वर्षी तेरा गाड्या तयार झाल्या. एकूण ३५० जीटी सव्वाशेच्या आत-बाहेर, पुढे चार लिटरच्या ४०० जीटी आल्या.

पहिल्या गाड्यांत गिअरबॉक्स झेडएफचा आणि डिफरन्शियल (ताकद दोन्ही चाकांत वाटणारा भाग) सॅलिस्बरीचं होतं, बाहेरून घेतलेलं. दोन्ही भाग चांगले. फेरुच्चोला आवाज पटेना. मग सांतागातामध्ये स्वतःचा गिअरबॉक्स आणि स्वतःचं डिफरन्शियल बनवलं, आणि रिव्हर्स गिअरलाही सिंक्रो, म्हणजे गिअर आवाज न करता गुंतवणारी जोडणी, दिला. रिव्हर्सला सिंक्रो! याची गरज कोणालाच नसते, पण गिअर टाकताना 'कर्र' होऊ नये एवढ्यासाठी ते केलं. या माणसाला काय हवं होतं ते कळायला मला हे एक उदाहरण पुरतं. ज्याने आयुष्यभर ट्रॅक्टरचे गिअर ऐकले, त्याला गाडीत तो आवाज चालणार नव्हता.

मिउरा या पुढच्या गाडीबद्दल लिहिताना हात आवरावा लागतो. दाल्लारा, स्तान्झानी आणि वॉलेस तिघांनाही शर्यतीची ओढ, आणि मालकाची सक्त मनाई. म्हणून संध्याकाळनंतर, कामाच्या वेळेबाहेर, त्यांनी एका अशा गाडीची कल्पना लढवली जी रस्त्याची असेल पण शरीराने शर्यतीची. इंजिन चालकाच्या मागे. अडचण लांबीची होती. बारा सिलिंडरचं इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने उभं ठेवलं, त्याच्या मागे गिअरबॉक्स लावला, तर गाडी खूपच लांबते. दाल्लाराने ते इंजिन आडवं केलं. ब्रिटिश मिनी गाडीत छोटं इंजिन आडवं बसवून गिअरबॉक्स त्याच्याच पोटात घातला होता. तोच विचार इथे चार लिटरच्या बारा सिलिंडरवर केला. ब्लॉक, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच ओतीव धडात.

नोव्हेंबर १९६५ मध्ये तोरिनोला त्यांनी नुसती चासी मांडली. वर बॉडीच नाही. पातळ पोलादी पत्र्याची घडण, वजन कमी करायला ठिकठिकाणी पाडलेली भोकं, आणि मध्ये आडवं पडलेलं इंजिन. बॉडी करणाऱ्या कंपन्यांची रांग लागली. तूरिंग तोवर आर्थिक संकटात होती. काम बेर्तोनेकडे गेलं, आणि तिथे मार्चेल्लो गांदिनी नावाच्या सत्तावीस वर्षांच्या मुलाने जे रेखाटलं ते १९६६ च्या मार्चमध्ये जिनिव्हाला उभं राहिलं. चार-पाच महिन्यांत! नाव स्पेनमधल्या प्रसिद्ध मिउरा घराण्याच्या झुंजीच्या बैलांवरून. फेरुच्चोची रास वृषभ, बोधचिन्हात बैल; तिथून पुढे बहुतेक गाड्यांची नावं बैलांशीच जोडलेली राहिली. त्याची स्वतःची अपेक्षा अशी होती की या गाडीची जाहिरात म्हणून थोडी विक्री होईल. प्रत्यक्षात तिन्ही आवृत्त्या मिळून साडेसातशेहून जास्त बनल्या.

पण गाडी घाईत आली, आणि घाईचे डाग तिच्यावर होते. हे सांगायला हवं, कारण मिउराचे भक्त ते टाळतात. इंजिन आणि गिअरबॉक्सचं तेल एकच. म्हणजे गिअरमधून झिजलेला पोलादाचा भुगा थेट क्रँकच्या बेअरिंगकडे जायला मोकळा. शिवाय दोघांना लागणारं तेल वेगळ्या स्वभावाचं: गिअरच्या दातांना दाब सोसणारं, बेअरिंगला पटकन पसरणारं. तडजोडीचं तेल दोघांनाही पूर्ण मानवत नाही. हे दोन्ही वेगळे व्हायला एसव्ही या शेवटच्या आवृत्तीतल्या शेवटच्या काही गाड्या याव्या लागल्या. दुसरं, पेट्रोलची टाकी पुढे. टाकी रिकामी होत गेली की पुढची चाकं हलकी होतात, आणि नेमक्या जास्त वेगात गाडीचं नाक उचलल्यासारखं वाटतं. तिसरं, कार्ब्युरेटर. मिउराला तीन-तीन घशांचे चार वेबर, मूळचे शर्यतीचे. शर्यतीत गाडी उभी राहत नाही, गर्दीत राहते. मंद फेऱ्यांवर पेट्रोल साचायचं, आणि अशाच काही मिउरांना आग लागलेली आहे. म्हणूनच कोणी मला विचारलं की मिउरा पाहायची कोणती, तर मी एसव्ही म्हणतो. १५० च बनल्या, पण वॉलेसने वर्षानुवर्षं रस्त्यावर सापडवलेले दोष त्यांत पुष्कळसे निघालेले आहेत. टेस्ट ड्रायव्हरचं श्रेय गाडीवर कुठे लिहिलेलं नसतं.

१९६८ मध्ये एस्पादा आली, चार माणसांची, पुढे इंजिन. ही बाराशेहून जास्त विकली गेली आणि कंपनीचं पोट खरं तिने भरलं. इस्लेरो आणि यारामा ही नावं यादीपुरती. दाल्लाराला शर्यत सोडवेना, तो सोडून गेला. तांत्रिक सूत्रं स्तान्झानीकडे आली, आणि त्याने १९७१ च्या जिनिव्हात काउंटाचचा पहिला नमुना उभा केला. त्यात इंजिन पुन्हा उभं केलेलं, पण उलटं फिरवून: गिअरबॉक्स पुढे, दोन सीटच्या मध्ये, आणि ताकद इंजिनाच्या चेंबरमधून जाणाऱ्या शाफ्टने परत मागे. वजन मध्यावर आलं, गिअर बदलायला लांबलचक सळ्या नकोत, तेलही वेगळं. मिउराच्या तिन्ही-चारी दुखण्यांवर एकाच कागदावर काढलेला इलाज. गांदिनीने दिलेला आकार लोकांच्या डोळ्यांत भरतो, पण माझ्या मते त्या दशकातलं सर्वांत सुंदर काम त्या आकाराच्या आत आहे.

पडझड त्याच सुमारास सुरू झाली, आणि ती गाड्यांमुळे नव्हे. या कंपनीमागे ट्रॅक्टरचा पैसा होता. १९६९ च्या शरद ऋतूत इटलीभर कामगारांचे मोठे संप झाले. सांतागाता डाव्या विचारांच्या मुलखात, तिथे त्याची झळ बसणारच. १९७१ मध्ये बोलिव्हियात सत्तापालट झाला आणि ट्रॅक्टरची मोठी ऑर्डर बुडाली. ट्रॅक्टर कंपनी थोड्याच दिवसांत सामे या दुसऱ्या इटालियन ट्रॅक्टर कंपनीकडे गेली. जास्त संख्येने विकायची म्हणून आखलेली आठ सिलिंडरची उर्राको १९७० मध्ये दाखवली, पण ग्राहकांच्या हाती वेळेवर पडली नाही. १९७२ मध्ये फेरुच्चोने मोटार कंपनीतला ५१ टक्के हिस्सा स्विस उद्योजक झोर्झ-आंरी रॉसेत्तीला विकला, आणि १९७४ मध्ये उरलेला त्याच्या मित्राला, रेने लायमरला. म्हणजे काउंटाच ग्राहकांकडे जायला लागली त्याच वर्षी संस्थापक बाहेर पडला. मधल्या काळात तेलाचं संकट येऊन गेलं होतं. १९७८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

स्वतः फेरुच्चो उंब्रियात त्रासिमेनो सरोवराजवळ गेला, द्राक्षं लावली आणि वाइन बनवली. २० फेब्रुवारी १९९३ ला तो वारला.

तुम्ही पुढे विचारलं आहे की त्या पहिल्या दशकातलं आज काय उरलं. मालक बदलत गेले, पण बिझ्झारिनीने मांडलेला आणि दाल्लारा-स्तान्झानीने माणसाळवलेला तो व्ही-१२, वाढत वाढत साडेसहा लिटर होऊन, २०१० मध्ये मुर्सिएलागो गाडीचं उत्पादन थांबेपर्यंत चालत राहिला. नव्याने आखलेलं इंजिन २०११ मध्ये अव्हेंटादोरसोबत आलं. एका मांडणीवर जवळजवळ सत्तेचाळीस वर्षं.

बोलोन्याला जाणं झालंच तर सांतागाताच्या कंपनी संग्रहालयाआधी फूनो दि आर्जेलातोला फेरुच्चोच्या मुलाने उभारलेलं संग्रहालय बघा. तिथे कारियोकासारखे जुने ट्रॅक्टर आहेत. त्यांच्याजवळ उभं राहून इंधनाचा मार्ग डोळ्यांनी शोधा, पेट्रोल कुठून येतं, जड इंधन कुठून, कॉक कुठे. मग गाड्यांकडे वळा.